मायनर लीग बेसबॉलचे फोटो : ब्रिजवॉटरच्या स्टँडमध्ये कॅमेरा घेऊन बसताना

न्यू जर्सीत एडिसन, ब्रिजवॉटर, हिल्सबरो या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांना सॉमरसेट पेट्रियट्स या बेसबॉल संघाचं मैदान बहुधा माहीत असतं. मुलांच्या शाळेची किंवा लिटिल लीगची एखादी संध्याकाळ तिथे होते, तिकीट खिशाला परवडतं, आणि रॅरिटन व्हॅली लाइनचं ब्रिजवॉटर स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९९९ साली उघडलेलं हे मैदान आज टीडी बँक बॉलपार्क म्हणून ओळखलं जातं. १९९८ साली सुरू झालेला हा संघ आधी स्वतंत्र अटलांटिक लीगमध्ये खेळायचा. २०२१ मध्ये मायनर लीगची (मेजर लीगसाठी खेळाडू तयार करणाऱ्या खालच्या पातळ्यांची) फेररचना होऊन १२० संघ ठरले, तेव्हापासून तो न्यूयॉर्क यांकीज या मेजर लीग संघाचा डबल-ए, म्हणजे दोन पायऱ्या खालचा, संघ आहे.

या लेखात मी याच मैदानाला धरून बोलणार आहे, पण रीडिंग, हार्टफर्ड किंवा डरहॅम अशा मायनर लीग संघ असलेल्या गावी राहत असाल तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. मैदानाच्या आत, डगआउटशेजारी (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेशेजारी) बसणाऱ्या पासधारक फोटोग्राफरशी आपली स्पर्धा नाही. त्याच्यासमोर जाळी नसते आणि लेन्सवर बंधन नसतं. आपण स्थानिक आहोत, पुन्हा पुन्हा येऊ शकतो आणि पोरं मेजर लीगमध्ये जाण्याआधी त्यांना ओळखतो, एवढंच आपलं भांडवल. पुढच्या सगळ्या सूचना त्या हिशेबाने आहेत.

तिकीट काढण्याआधी

प्रत्येक संघाच्या संकेतस्थळावर मैदानाची नियमावली असते. त्यात कॅमेरा, बॅग आणि ट्रायपॉड हे तीन शब्द शोधा. काही ठिकाणी लेन्सच्या लांबीवर मर्यादा असते, काही ठिकाणी फक्त पारदर्शक बॅग चालते, ट्रायपॉड आणि मोनोपॉडला बहुतेक जागी मनाई असते. नियम दर मोसमाला बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेल असं धरू नका. शंका असेल तर तिकीट खिडकीला ईमेल करा आणि उत्तर फोनमध्ये ठेवा. गेटवरच्या तपासनीसाशी वाद घालण्यापेक्षा ते दाखवणं सोपं.

काढलेले फोटो स्वतःसाठी, घरच्यांसाठी आणि आपल्या पानावर टाकण्यासाठी सहसा चालतात. विकायचे असतील तर लेखी परवानगी लागते.

मायनर लीगमध्ये मंगळवार ते रविवार तोच पाहुणा संघ सहा सामने खेळतो आणि सोमवारी सुट्टी असते. याचा फायदा घ्या. मंगळवारी-बुधवारी गर्दी कमी असते आणि जागा बदलून बसलात तरी कोणी फारसं हटकत नाही, मात्र आधी अशरला (जागा दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारलेलं बरं. शनिवारी आतषबाजी आणि गर्दी. रविवारचा सामना अनेकदा दुपारी असतो. ज्यांच्याकडे साधी झूम लेन्स आहे त्यांच्यासाठी रविवारच सोन्याचा, कारण पूर्ण सामना उजेडात होतो.

लेन्स किती लांब हवी

हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर साध्या गणितात आहे. सेन्सरची उंची भागिले लेन्सची लांबी, गुणिले अंतर. पहिल्या बेसच्या डगआउटमागे पुढच्या रांगेत बसलात की पिचर (चेंडू टाकणारा) साधारण ३० मीटरवर असतो. क्रॉप (लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्याला ३०० मिमी लावली तर आडव्या चौकटीत दीड मीटरच्या आसपास उंची मावते, म्हणजे पिचर गुडघ्यांपासून वर. कॅमेरा उभा धरलात तर सव्वादोन मीटरच्या वर मावते, म्हणजे टोपीपासून बुटापर्यंत सगळा माणूस. त्यामुळे क्रॉप बॉडी आणि ७०-३०० ची स्वस्त झूम ही या खेळाची पुरेशी सामग्री आहे. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २०० मिमी लावून बसाल तर तोच पिचर आडव्या चौकटीची अर्धी उंची भरेल. तेही वाईट नाही, घरी थोडं कापून घ्या.

खरा फरक ॲपर्चरचा (लेन्सचं छिद्र किती उघडतं त्याचा, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) आहे, आणि तो अंधार पडल्यावर कळतो. रात्रीच्या दिव्यांत एफ २.८ वर १/१००० सेकंद ठेवायला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० लागतो. स्वस्त झूम ३०० मिमीला एफ ५.६ वर येते, म्हणजे उजेड चौपट कमी आणि आयएसओ १२८०० च्या पुढे. माझं मत विचाराल तर महागडी लेन्स घेण्याआधी एक मोसम साध्या झूमवर काढा. उजेड आहे तोवर खेळ टिपा, अंधार पडला की खेळाडूंच्या धावपळीचा नाद सोडून स्टँडकडे वळा.

कुठल्या बाजूला बसावं

पहिल्या बेसमागे बसलात असं धरा. उजव्या हाताचा बॅटर होम प्लेटच्या (बॅटरजवळच्या पांढऱ्या पाटीच्या) तिसऱ्या बेसच्या अंगाला उभा राहतो, म्हणजे त्याची छाती पहिल्या बेसकडे असते. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकतो, तेव्हाही तोंड तुमच्याकडे. होमवरून धावत सुटलेला गडी तुमच्याच दिशेने येतो. खेळातली बहुतेक झटापट पहिल्या बेसच्या आसपास होते. एकूण पाहता घटना टिपायला पहिल्या बेसची बाजू सरस.

पण ऊन विरुद्ध बाजूला. होम प्लेटपासून माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून) दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, अशी बेसबॉलच्या नियमपुस्तकातच शिफारस आहे. असं मैदान असेल तर उन्हाळ्यात सूर्य तिसऱ्या बेसच्या स्टँडमागे मावळतो. तिथे बसलात तर प्रकाश तुमच्या पाठीमागून खेळाडूच्या चेहऱ्यावर पडतो, आणि पहिल्या बेसकडे बसलेल्यांच्या डोळ्यांत ऊन. सगळी मैदानं ही शिफारस पाळत नाहीत, म्हणून गूगल मॅप्सवर उपग्रहाचं चित्र उघडून आपलं मैदान कुठे तोंड करून आहे ते आधी बघा. उजव्या हाताचा पिचर पाय वर उचलतो तेव्हा त्याची छाती तिसऱ्या बेसकडे असते, हीदेखील त्या बाजूची जमेची गोष्ट. डावखुऱ्यांसाठी सगळं उलट.

माझी पद्धत अशी : ७:०५ चा सामना असेल तर ऊन असेतोवर तिसऱ्या बेसकडे, मग पहिल्या बेसकडे. जूनच्या मध्यात मध्य जर्सीत सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, म्हणजे सुरुवातीच्या तीन-चार इनिंगना तिरपा, पिवळा प्रकाश मिळतो. या वेळात स्टँडची सावली मैदानावर सरकत असते. एखाद्या क्षणी पिचर उन्हात आणि बॅटर सावलीत असतो. कॅमेऱ्याचं ऑटो मीटर इथे गोंधळतं. एक्स्पोजर हाताने ठरवा आणि पिचर घ्यायचा की बॅटर, हेही ठरवून टाका. दोघांना एका सेटिंगवर न्याय मिळत नाही.

जाळी

हा सगळ्यात कटकटीचा भाग. प्रेक्षकांच्या सुरक्षिततेसाठी जाळ्या आता फाऊल पोलच्या (आउटफील्डच्या कडेच्या खांबांच्या) दिशेला लांबवर गेल्या आहेत. पूर्वी डगआउटच्या पलीकडे उघडं मैदान मिळायचं, आता चांगल्या जागा बहुतेक जाळीमागेच येतात. तक्रार करण्यात अर्थ नाही, चेंडू लागून लोक जखमी होत होते. जाळी फोटोतून नाहीशी करणं शिकून घ्यावं.

जाळीचा दोर लेन्सच्या जितका जवळ, लेन्स जितकी लांब आणि ॲपर्चर जितकं उघडं, तितका तो दोर विरघळतो. म्हणून पहिल्या-दुसऱ्या रांगेची तिकिटं घ्या, लेन्सचा हूड काढा आणि काच जाळीपासून शक्य तितकी जवळ न्या. जाळीला टेकू मात्र नका. फाऊल चेंडू आदळला की ती आत येते आणि कॅमेरा तोंडावर बसतो. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा. एफ ८ ला गेलात की करड्या चौकड्या दिसू लागतात. मागे एखादा दिवा किंवा उन्हात चमकणारी खुर्ची असेल तर उघड्या ॲपर्चरलाही त्या ठिपक्यांत जाळीची नक्षी उमटते, तेव्हा पार्श्वभूमी गडद निवडा.

जाळीवर ऊन पडलंय का, हे बसण्याआधी पाहा. सावलीतली काळी जाळी फोटोत जवळजवळ दिसत नाही. उन्हात उजळलेली जाळी सगळ्या चित्रावर पांढुरका पडदा टाकते, आणि तो नंतर संगणकावर नीट निघत नाही. पाच-सहा खुर्च्या सरकलं तरी अनेकदा सावलीचा तुकडा सापडतो. तिसऱ्या बेसची बाजू संध्याकाळी सरस ठरण्याचं हे आणखी एक कारण, स्टँडची सावली जाळीवर लवकर येते.

ऑटोफोकस जाळीला चिकटत असेल तर लेन्सवर अंतर मर्यादित करणारं बटण आहे का बघा. नसेल तर आधी सेंटरफील्डच्या भिंतीवर फोकस करून घ्या, मग पिचरवर या. कॅमेरा लांबून जवळ येताना सहसा जाळीपाशी अडकत नाही. फोन असेल तर गोष्ट आणखी सोपी. जाळीच्या एका चौकोनाच्या बरोबर मध्ये फोनची काच ठेवली की दोर चौकटीत येतच नाही.

जाळी अजिबात नको असेल तर आउटफील्डच्या भिंतीमागे प्रेक्षकांसाठी असलेल्या हिरवळीवर जा. सेंटरफील्डची भिंत साधारण १२० मीटरवर असते. तिथून क्रॉप बॉडीवर ३०० मिमीने सहा मीटर उंचीची चौकट मिळते, आणि तिच्यात पिचरची पाठ, बॅटर, कॅचर, अंपायर असा टीव्हीवरचा कोन जमतो. मात्र उघड्या जागी बसलात तर चेंडू टोलवल्याचा आवाज येताच डोळा व्ह्यूफाइंडरमधून काढा. लहान मूल सोबत असेल तर तिथे फोटो काढायला बसूच नका.

सेटिंग, एकदाच नीट

शटर प्राधान्याने किंवा मॅन्युअल, ऑटो आयएसओ, सतत फोकस, बर्स्ट (सलग फोटो) चालू. फोकसचा एकच बिंदू किंवा छोटा पट्टा निवडा आणि तो छातीवरच्या अक्षरांवर ठेवा. नवे कॅमेरे डोळा ओळखतात खरे, पण कॅचरचा मुखवटा, मागचा अंपायर आणि बॅटरचं हेल्मेट एका रेषेत आले की भलत्याच डोळ्याला पकडतात. फोकस मागच्या बटणावर देऊन शटरपासून वेगळा केलात तर हा खेळ फार सोपा होतो, कारण पिचर आपली जागा सोडत नाही. एकदा फोकस करा, बोट काढा.

शटर किती? ताशी ९५ मैलांचा चेंडू सेकंदाला ४२ मीटर जातो. १/१००० मध्ये तो चार सेंटीमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या अर्ध्याहून जास्त. १/४००० मध्ये एक सेंटीमीटर. माणूस गोठवायला १/१००० पुरतो, चेंडूवरची शिवण दिसायला १/३२०० च्या पुढे जा. दिवसा हे परवडतं, रात्री नाही.

एक महत्त्वाची सूचना मिररलेस कॅमेरेवाल्यांना. आवाज नसलेला इलेक्ट्रॉनिक शटर मोहात पाडतो, पण बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्या वेळात बॅट फिरून गेलेली असते. फोटोत ती केळ्यासारखी वाकलेली येते. बॅटिंगसाठी मेकॅनिकल शटरच लावा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १२० वेळा लुकलुकतात आणि बर्स्टमधला एक फोटो उजळ, पुढचा पिवळट येतो. कॅमेऱ्यात फ्लिकर कमी करण्याची सोय असते, अंधार पडला की ती चालू करा.

सामन्याआधीचा तास

दारं बहुधा तासभर आधी उघडतात. हा वेळ हॉट डॉगच्या रांगेत घालवू नका. पिचर बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागी) हात मोकळा करत असतो, आणि तिथे तुम्ही त्याच्यापासून काही मीटरवर उभे राहू शकता. खेळाडू रेलिंगपाशी येऊन सह्या देतात. तिथे पोरांचे हात, मार्कर, चेंडू आणि टोपीखालचा तरुण चेहरा असं सगळं मिळतं. २०२२ चा बहुतेक मोसम इथे खेळलेला अँथनी वोल्पी पुढच्या वर्षी यांकीजचा सलामीच्या सामन्यातला शॉर्टस्टॉप होता. त्या उन्हाळ्यात रेलिंगपाशी काढलेल्या फोटोंची किंमत काढणाऱ्यांना नंतर कळली असणार. उलट दिशेनेही माणसं येतात. दुखापतीतून सावरणारे मोठे खेळाडू सरावापुरते इथे खेळतात. २०२४ च्या जूनमध्ये गेरिट कोलने पुनरागमनाची पहिली गोलंदाजी याच संघाकडून केली. अशा घोषणा एक-दोन दिवस आधीच होतात आणि तिकिटं झपाट्याने संपतात.

पिचर, बॅटर, बेस

क्रिकेटचे फोटो काढणाऱ्याला इथे पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं, कारण रनअप नाही. पण लय आहे. पिच क्लॉक (चेंडू टाकायची वेळ मोजणारं घड्याळ) मेजर लीगमध्ये २०२३ साली आलं, डबल-ए आणि त्यावरच्या ट्रिपल-ए मध्ये ते २०१५ पासून वापरात होतं. घड्याळ सुरू झालं की वीस सेकंदांच्या आत चेंडू पडणार. मागच्या पडद्यावर फोटो बघत बसलात तर पुढचा चेंडू गेलाच. फोटो बघायचं काम इनिंगच्या मध्ये करा.

पिचरचा सर्वांत बोलका क्षण पाय उचलण्याचा नसतो, जरी सगळे तोच काढतात. पुढचा पाय जमिनीवर टेकतो आणि हात मागे लवलेला असतो, तिथून चेंडू सुटेपर्यंत गाल फुगतात, दात दिसतात, मानेच्या शिरा ताणतात. पाय टेकताना बर्स्ट सुरू करा आणि चेंडू सुटल्यावर लगेच थांबा. प्रत्येक चेंडूला वीस फोटो काढलेत तर रात्री निवडताना जीव जाईल.

बॅटवर चेंडू लागलेला फोटो हवाच असतो सगळ्यांना. बॅट आणि चेंडूचा स्पर्श एक हजारांश सेकंदाच्या आसपास टिकतो. सेकंदाला २० फोटो काढणारा कॅमेरासुद्धा दोन फोटोंच्या मध्ये चेंडूला दोन मीटर जाऊ देतो. म्हणजे बर्स्टवर भरवसा ठेवून हे जमत नाही. बॅट हलताना दिसली की बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. बॅटरचा पुढचा पाय जमिनीवर येतो त्या वेळी दाबा. तुमच्या कॅमेऱ्यात बटण दाबण्याआधीचे फोटो साठवण्याची सोय असेल तर ती याच कामासाठी आहे, फक्त इलेक्ट्रॉनिक शटरची वाकडी बॅट लक्षात असू द्या.

बेसवरची गंमत आधी ओळखावी लागते, आणि इथे खेळ समजणाऱ्याला फोटोग्राफरपेक्षा जास्त फायदा. पहिल्या बेसवर गडी आहे आणि दोनपेक्षा कमी आउट झालेत, तर फोकस दुसऱ्या बेसवर लावून ठेवा. डबल प्लेमध्ये (एकाच चेंडूवर दोन आउट) शॉर्टस्टॉप किंवा सेकंड बेसमन घसरत येणाऱ्या गड्यावरून उडी मारून फेकतो, तो क्षण तिथेच येतो. दुसऱ्या बेसवर गडी असेल आणि फटका आउटफील्डमध्ये गेला तर चेंडूकडे बघू नका, होम प्लेटवर या. कॅचर आणि घसरणारा गडी यांची धूळ तिथे उडणार.

नवव्या इनिंगमध्ये यजमान संघ जिंकण्याच्या बेतात असेल तर चेंडू कुठे गेला याचा मोह सोडा. बॅटरवरच राहा, मग डगआउटकडे वळा. पाण्याची बादली तिथूनच येणार. २८ सप्टेंबर २०२२ ला सॉमरसेटने ईस्टर्न लीगचं (ते खेळतात त्या डबल-ए लीगचं) विजेतेपद घेतलं ते एकही हिट न देता, १५-० ने. अशा रात्री शेवटच्या चेंडूपेक्षा त्यानंतरच्या दोन मिनिटांत जास्त मिळतं.

सामन्याच्या कडेला

मायनर लीगचा अर्धा रंग खेळाबाहेर आहे, आणि पासधारक फोटोग्राफर तिकडे फारसा वळत नाही. रीडिंगला वेडा हॉट डॉगवाला खोट्या शहामृगावर बसून स्टँडमध्ये हॉट डॉग फेकतो. ट्रेंटनला गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांनी बॅट उचलून नेल्याची परंपरा होती. डरहॅमच्या मैदानात डाव्या आउटफील्डला ३२ फूट उंच निळी भिंत आणि वर फुरफुरणारा बैल. आपल्या मैदानातही शुभंकराची शर्यत, दोन इनिंगच्या मधले पोरांचे खेळ आणि सातव्या इनिंगचं गाणं हे सगळं होतं. यासाठी ३५ किंवा ५० मिमीची छोटी लेन्स खिशात ठेवा. मागून घेतलेला, मैदान समोर आणि आजोबा-नातवाच्या टोप्या पुढे, असा फोटो बेसवर घसरणाऱ्या कुठल्याही गड्याच्या फोटोपेक्षा जास्त दिवस बघवतो. दुसऱ्याच्या मुलाचा चेहरा ओळखू येत असेल तर आधी पालकांना विचारा आणि हवा असल्यास फोटो पाठवा. नाही म्हणाले तर तिथेच त्यांच्यासमोर पुसा.

पाऊस आला म्हणून घरी पळू नका. ग्राउंड्सकीपरची फौज ताडपत्री ओढत धावते ते दृश्य फार कमी लोक टिपतात. आतषबाजीला ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा रेलिंगवर किंवा बॅगेवर टेकवा, आयएसओ १००, एफ ८, दोन ते तीन सेकंद, आणि बटणाऐवजी टायमर. पुढे प्रेक्षकांच्या काळ्या आकृत्या आल्या तर बरंच, नुसतं आकाश कुठलंही असू शकतं.

घरी आल्यावर

दर इनिंगच्या सुरुवातीला धावफलकाचा एक फोटो काढायची सवय लावा. निवडताना कुठला क्षण कुठल्या इनिंगचा हे त्यावरून कळतं. लीगच्या संकेतस्थळावर प्रत्येक चेंडूचा तपशील मिळतो, तो उघडून जुळवा. मग पहिल्या फेरीत फक्त फोकस आणि चेहरा बघा, बाकी सगळं उडवा. दुसऱ्या फेरीत चेंडू चौकटीत आहे का. तिसऱ्या फेरीला वीस-पंचवीसच उरले पाहिजेत.

नावं त्याच रात्री लिहा. इथे संघ आठवड्याला बदलतो. मंगळवारी १७ नंबर घातलेला मुलगा शुक्रवारी स्क्रँटनला, यांकीजच्या ट्रिपल-ए संघात, गेलेला असतो आणि तोच नंबर दुसऱ्याच्या पाठीवर येतो. फाइलमध्ये खेळाडू, दोन्ही संघ, तारीख आणि इनिंग एवढं पुरे. पाहुण्या संघाचीही नावं लिहा. हार्टफर्डचा किंवा रीडिंगचा अनोळखी पिचर दोन वर्षांनी टीव्हीवर दिसतो आणि तेव्हा जुन्या फोल्डरमध्ये शोधायला नावच लागतं.

मोसम सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालतो. तोपर्यंत सूर्यास्त सव्वासातच्या आत येतो, म्हणजे संध्याकाळच्या सामन्याला उजेडाची जेमतेम एखादी इनिंग मिळते. एफ ५.६ ची लेन्स असेल तर ऑगस्टपासूनच रविवार दुपारची तिकिटं बघायला लागा.